काळ्या चौकटीतली जाहिरात

एव्हान्थियाबाईंचं स्पष्ट मत होतं की ग्रीसमधल्या अख्ख्या थेसाली प्रांतात इंग्रजी नीट येणारी दोनच माणसं आहेत. त्यातलं दुसरं कोण, ते मात्र त्यांना आठवत नसे.

गेली एकतीस वर्षं गावच्या चौकात, पहिल्या मजल्यावर त्यांचा इंग्रजीचा क्लास होता आणि दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. शाळा सुटली की गावातली पोरं तो जिना चढायची. बाईंची पद्धत साधी. फळ्यावर दोनशे नेहमीचे शब्द, हातात लाकडी छडी. छडी ज्या शब्दावर पडेल त्याची जात पोरानं उभं राहून सांगायची. 'वॉटर', म्हणजे प्यायचं असेल तर नाम, कुंड्यांना घालायचं असेल तर क्रियापद. चुकलं तर पुन्हा. रडलं तरी पुन्हा. गावातल्या दोन पिढ्या या छडीखालून गेल्या होत्या, आणि कुणाला त्याचं काही वावगं वाटलं नव्हतं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी मिर्सिनी परत आली.

मिर्सिनी बाईंचीच विद्यार्थिनी, तीही साधीसुधी नाही, सगळ्यात हुशार. थेस्सालोनिकीला शिकायला गेली, तिथून डोक्यात नाना खुळं घेऊन आली आणि बरोब्बर बाईंच्या खिडकीसमोर, चौकाच्या पलीकडे तिनं स्वतःचा क्लास काढला. तळमजल्यावर, मोठ्या काचेच्या दर्शनी भिंतीचा. आणि तिथे पोरांना काय, तर टोप्या! नामाला लाल टोपी, क्रियापदाला निळी, विशेषणाला हिरवी. पोरांनी आपापल्या शब्दाची टोपी घालायची आणि चौकात पळत सुटून वाक्य तयार होईल असं रांगेत उभं राहायचं. कॉफी प्यायला बसलेले म्हातारे खुर्च्या फिरवून बघत बसायचे. एखादं क्रियापद चुकून विशेषणाच्या जागी उभं राहिलं तर तेच ओरडून सांगायचे, "अरे निळ्या, सरक पलीकडे."

बाई हे सगळं पडद्याआडून बघायच्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. 'एन्व्ही' हा शब्द नामही आहे आणि क्रियापदही, हे त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. त्या उन्हाळ्यात क्रियापदाचा धडा त्यांनी स्वतःवर गिरवला.

सप्टेंबर लागला तेव्हा परिस्थिती अशी होती. मिर्सिनीकडे पहिल्या वर्गात चाळीस पोरं. बाईंकडे तीन. आता पहिला वर्गच भरला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कुठून येणार? बाईंनी स्वतःच रविवारी चर्चच्या पायरीवर, चारचौघींत सांगून टाकलं होतं की शुक्रवारपर्यंत आठ पोरं झाली नाहीत तर मी क्लासला कुलूप लावून व्होलोसला बहिणीकडे राहायला जाईन. बहिणीकडे तीन कुत्री होती आणि ती त्यांना जेवणाच्या टेबलावर बसवायची. तेव्हा प्रश्न साधासुधा नव्हता.

"लोक माझी जाहिरात वाचतच नाहीत," बाई सोमवारी पान्देलिसला म्हणाल्या. "तिनं इंद्रधनुष्य छापलंय, ते बघतात. माझ्या पत्रकात साहेबाची टोपी आणि छत्री आहे, त्याकडे ढुंकून बघत नाहीत."

पान्देलिसचं अंत्यविधीचं दुकान होतं. शवपेट्या, पुष्पचक्रं, मेणबत्त्या, सगळं. त्याच्या मुलीच्या, दानाईच्या बाप्तिस्म्यात बाई तिची धर्ममाता झाल्या होत्या, त्या नात्यानं तो त्यांना 'कुंबारा' म्हणायचा आणि त्यांचं काहीही फुकट करून द्यायचा.

"कुंबारा, राग मानू नका," तो म्हणाला, "पण या गावात सगळे थांबून वाचतात असा एकच कागद आहे, आणि तो मी छापतो."

खरंच होतं ते. गावात कुणी गेलं की पान्देलिस पांढऱ्या कागदावर काळी चौकट छापून विजेच्या खांबांवर चिकटवायचा. नाव, दिवस, वेळ, जागा, खाली मुलाबाळांची नावं. तो कागद दिसला की पळत जाणारा माणूससुद्धा थबकायचा. बेकरीत पाव जळला तरी चालेल, पण खांब वाचल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

बाईंच्या डोळ्यांत चमक आली.

"मग तसाच छाप."

"तसाच म्हणजे?"

"तसाच. तोच कागद, तीच अक्षरं, तीच चौकट. तेच खांब. बघू या आता कोण वाचत नाही ते."

पान्देलिसनं डोकं खाजवलं. पण चौकटी बघण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलेलं, त्याला त्यात काही वेगळं वाटेना. बाईंनी मजकूर सांगितला, त्यानं तो नेहमीच्या साच्यात बसवला. वर ठळक 'एव्हान्थिया कालोग्री'. खाली 'एकतीस वर्षं या गावाची शिक्षिका'. मग 'बुधवारी संध्याकाळी पाच वाजता तिच्या क्लासमध्ये सर्वांनी यावं'. त्याखाली 'तिची मुलं' म्हणून आठदहा विद्यार्थ्यांची नावं. आणि अगदी तळाशी, जिथे तो 'फुलांऐवजी वृद्धाश्रमाला मदत द्यावी' असं बारीक छापायचा, तिथे 'नेहमीच्या इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखण्याचं प्रात्यक्षिक, प्रवेश सर्वांना खुला'.

"वर क्रूस टाकू का?" त्यानं विचारलं.

"क्रूस कशाला? मी काय मेलेय?"

"नाही, जागा रिकामी दिसतेय."

"राहू दे रिकामी."

बुधवारी पहाटे पान्देलिसनं गावातल्या एकूण एक खांबावर कागद चिकटवले, दानाईला बाईंकडे सोडलं आणि तो एका अंत्ययात्रेसाठी त्रिकाला नावाच्या शहरी निघून गेला.

दानाई दहा वर्षांची, चष्मा लावणारी, आणि दोनशेच्या दोनशे शब्दांच्या जाती झोपेतही सांगणारी. प्रात्यक्षिक तिचं एकटीचंच होतं. बाकीच्यांवर बाईंचा भरवसा नव्हता.

सकाळी साडेआठला बाई पडद्याआड उभ्या राहिल्या. समोरच्या खांबापाशी बेकरीवाली आस्पासिया आली, थांबली, वाचलं आणि तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग पोस्टमन आला. त्यानं टोपी काढली. मग मेलबर्नला वीस वर्षं काढून परत आलेले स्तेर्गिओसकाका आले. त्यांनी वाचलं, मान हलवली, पुन्हा वाचलं.

"बघ दानाई," बाई म्हणाल्या, "टोप्या उतरवतायत लोक. तिच्याकडे टोप्या घालतात, माझ्यासाठी उतरवतात."

तेवढ्यात फोन वाजला. आस्पासिया. तिचा धाकटा मुलगा यंदा पहिल्या वर्गात जायच्या वयाचा होता. बाईंनी मुद्दाम चारदा वाजू दिला आणि उचलला.

"हॅलो, एव्हान्थिया बोलतेय."

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन पडल्याचा आवाज. नंतर कळलं ते असं की आस्पासियाला नुसती खात्री करायची होती, घरात दुसरं कोणी उचलेल म्हणून; आणि तिच्या मोठ्या मुलानं तिला पाणी पाजत समजावलं, "आई, ते रेकॉर्डिंग असतं. माणूस गेलं तरी आवाज राहतो."

बाईंना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना वाटलं, बेकरीतल्या गर्दीत धक्काबुक्की झाली असणार. त्यानंतर दिवसभर फोन वाजत राहिला, प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या पोराच्या आईचं नाव दिसत राहिलं आणि बाईंनी एकही उचलला नाही. जरा भाव खावा की माणसानं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मिळत होता.

पण दिवसातली सगळ्यात गोड गोष्ट दुपारी बारा वाजता घडली. मिर्सिनी दुकानातून, म्हणजे क्लासमधून, बाहेर आली. खांब वाचला. आणि आपल्याच पायरीवर डोकं धरून बसली. मग उठून तिनं शटर खाली ओढलं.

"एका कागदात!" बाई म्हणाल्या. "एका कागदात दुकान बंद केलं हिनं."

आणि त्या दुपारी त्या दोन भरली वांगी जास्त जेवल्या.

इकडे गावात मात्र एकच खळबळ उडाली होती, आणि तीही बाई गेल्यामुळे नव्हे. माणसं जातात. पण विधी क्लासमध्ये? चर्चमध्ये नाही? पाद्रींचं नाव नाही, कबरस्तानाचं नाव नाही, कागदावर क्रूससुद्धा नाही. यावर कॉफीच्या टेबलांवर खल झाला आणि आस्पासियानं काय ते ओळखलं.

"जाळणार आहेत तिला," ती कुजबुजली.

"जाळणार? माणसाला?" स्तेर्गिओसकाका हबकले.

"तशीच इच्छा लिहून ठेवली असेल. लंडनला जाऊन आली होती ना एकदा. तिथूनच घेतलं हे."

ही बातमी अर्ध्या तासात गावचे पाद्री पापा-लेफ्तेरिस यांच्या कानावर गेली आणि ते तडक झगा चढवून निघाले. त्यांच्या चर्चला प्रेत पुरणंच मान्य होतं; आपल्या कळपातलं माणूस असं जाळू देणार नव्हते ते.

पाच वाजायला आले तसा जिना करकरायला लागला. बाईंची योजना पक्की होती. आपण मागच्या खोलीत थांबायचं. दानाईनं आधी सगळ्यांना गार करायचं. टाळ्या पडल्या की दार उघडून आपण प्रवेश करायचा, आणि नाव नोंदवायची वही काखेत तयार ठेवायची. दाराला कान लावून त्यांनी पावलं मोजली. तीस, चाळीस, साठ. मग मोजणं सोडून दिलं. मिर्सिनीच्या टोप्यांना इतकी माणसं बापजन्मात आली नव्हती.

वर्गात काळ्या कपड्यांची दाटी झाली. म्हातारे बाकांत पाय दुमडून बसले. मयताच्या घरी नेतात तसे बायकांनी कॉफीचे थर्मास आणले होते, कुणी ब्रँडीच्या बाटल्या, कुणी टोस्ट. चार पुष्पचक्रं फळ्याला टेकवून ठेवली, त्यामुळे 'क्रियाविशेषण' झाकलं गेलं.

दानाई छडी घेऊन पुढे उभी राहिली. तिचं सगळं लहानपण वडिलांच्या दुकानात गेलेलं. काळे कपडे आणि रडवेले चेहरे म्हणजे तिच्या लेखी नेहमीचं गिऱ्हाईक.

"बसून घ्या," ती म्हणाली. "मागच्यांनी ढकलू नका. प्रत्येकाला वेळ मिळेल. आता कुणीही एक नेहमीचा इंग्रजी शब्द सांगा, मी त्याची जात सांगते."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"शेवटची इच्छा असेल बाईंची," आस्पासिया शेजारणीच्या कानात म्हणाली. "सांगा, सांगा."

स्तेर्गिओसकाका टोपी हातात घेऊन उठले. "वर्क," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"नाम. आणि क्रियापदसुद्धा," दानाई म्हणाली. "पुढचा."

"गुड," मागून कुणीतरी म्हणालं.

"विशेषण."

"होतीच ती तशी," मागच्या बाकावर हुंदका फुटला.

आस्पासियाला तिला येत होता तो एकुलता एक शब्द आठवला. "सॉरी," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"विशेषण," दानाई म्हणाली. "रुमाल पहिल्या खणात आहेत."

इतक्यात पापा-लेफ्तेरिस धापा टाकत आत शिरले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शवपेटी काही दिसेना.

"कुठे ठेवलंय तिला?"

"बाईंना? मागच्या खोलीत आहेत," दानाईनं सांगितलं. "टाळ्या वाजल्या की येतील बाहेर."

पुढच्या दोन रांगांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"पोरीच्या मनावर परिणाम झालाय," कुणीतरी पुटपुटलं. मिर्सिनी गर्दीतून पुढे आली. डोळे सुजलेले, हातात सगळ्यात मोठं पुष्पचक्र. तिनं दानाईला जवळ घेतलं, छडी तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

मागच्या खोलीत बाईंनी तिचा आवाज ओळखला आणि त्यांच्या मस्तकात सणक गेली. माझा दिवस, माझी माणसं, माझा फळा, आणि बोलतेय कोण? दार जुनं आणि जाड, त्यातून सगळं ऐकू येईना. तुकडे तेवढे येत होते.

"...बाई शिकवायच्या..." असं काहीसं. "...त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं..." मग हुंदक्यांत वाक्य बुडालं. "...आता ते संपलं..."

शिकवायच्या? नव्हतं? संपलं? एकजात सगळी क्रियापदं भूतकाळातली. म्हणजे ही बया भर वर्गात, माझ्या गावासमोर, मी संपले म्हणून सांगतेय!

"...आजपासून माझ्या क्लासला बाईंचं नाव देणार," मिर्सिनीचा आवाज आता चढला होता, स्वच्छ ऐकू आला. "आणि त्यांची पोरं उघड्यावर पडणार नाहीत. माझ्याकडे या. त्यांना मी बाईंच्या पद्धतीनं शिकवीन, याच छडीनं, हेच दोनशे शब्द."

पोरं तर नेलीच, आता नावही नेतेय. छडीसुद्धा!

पलीकडे आया पुढे होऊन मिर्सिनीला पोरांची नावं देऊ लागल्या आणि सगळं गाव रडत रडत टाळ्या वाजवायला लागलं, शेवटच्या निरोपाला वाजवतात तशा. बाईंनी काही त्या टाळ्यांसाठी दार उघडलं नाही. रागानं उघडलं.

"मी अजून संपलेले नाही, मिर्सिनी," त्या दारात उभ्या राहून गरजल्या. "अजून इथेच आहे मी."

यानंतर जे झालं ते सांगायला दोन माणसं लागतील. आस्पासिया बाकावरून घसरली. पोस्टमन बाकाखाली गेला. तीन बायकांनी नजर लागू नये म्हणून एकदम थू थू थू केलं, तेही नेमकं पुढच्या रांगेतल्यांच्या मानेवर. पापा-लेफ्तेरिसनी क्रूस पुढे धरला. एकटे स्तेर्गिओसकाका शांत होते. मेलबर्नला त्यांनी याहून काय काय बघितलं होतं.

"गुड आफ्टरनून," ते म्हणाले.

"विशेषण आणि नाम," दानाई म्हणाली.

पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. खांबावरचा एक कागद उपटून आणला गेला आणि तळाची बारीक ओळ पापा-लेफ्तेरिसनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. मग त्यांनी बाईंकडे बघितलं.

"म्हणजे तू स्वतःला जाळून घेणार नव्हतीस?"

"मी? कशाला?"

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि घामाघूम होऊन खाली बसले.

थोडी बाचाबाची झाली, पान्देलिस त्रिकालाहून आला की त्याला बघून घ्यायचं ठरलं, आणि मग कुणीतरी म्हणालं की ब्रँडी उघडलीच आहे. बाईंच्या तब्येतीला पहिला प्याला झाला. दुसराही झाला. बाई वही उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसल्या. साठ-सत्तर माणसं घरात आहेत, निदान आठ नावं तरी पडतीलच की.

"आस्पासिया, तुझ्या धाकट्याचं नाव लिहू ना?"

आस्पासियानं जमिनीकडे बघितलं. "बाई, तुम्ही आत्ता गेलात ना... म्हणजे गेला नाहीत, देवाची कृपा. पण तेवढ्यात मी मिर्सिनीकडे देऊन बसले नाव. ती रडत होती हो. आता परत काढलं तर तिला किती वाईट वाटेल."

दुसरीनंही तेच सांगितलं. तिसरीनंही. बाईंकडे आधीपासून असलेल्या तीन पोरांच्या आया तर कोपऱ्यातून बघायलाही तयार नव्हत्या. त्यांनी सगळ्यात आधी नावं दिली होती, पोरं उघड्यावर पडू नयेत म्हणून. एक एक करून लोक बाईंच्या गालांचे मुके घेत, 'शंभर वर्षं जगा' म्हणत जिना उतरून गेले. वहीचं पान कोरं राहिलं. सकाळी तीन होती, आता एकही नव्हतं.

वर्गात दोघीच उरल्या. दानाई खिडकीत टोस्ट खात होती, तिला धरलं तर तिघी.

मिर्सिनी अजून छडी हातात घेऊन उभी होती. "बाई, मी उद्या सगळ्यांना सांगते, नावं परत घ्या म्हणून."

"तुझी भीक नको मला." बाईंचा आवाज फाटला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. "चाळीस पोरं, काचेची भिंत, टोप्या. सगळं गाव खुर्च्या फिरवून बघतं तुझ्याकडे. मी पडद्याआडून बघते. दोन वर्षं जळतेय मी तुझ्यावर, कळलं? घे, सांगून टाकलं."

मिर्सिनी जवळच्या बाकावर टेकली.

"माझी पोरं टोप्या घालून नाचतात, बाई," ती म्हणाली. "पण 'फास्ट' विचारलं की हिरवी टोपी घालून उभी राहतात. संपलं. नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, चारही होतो म्हणून एक सांगेल तर शपथ. तुमची ही टोस्ट खाता खाता सांगेल."

"उपवास असेल तर नाम," खिडकीतून दानाई म्हणाली, "आणि—"

"बघा. रोज संध्याकाळी तुमच्या खिडकीतून छडीचा आवाज येतो आणि माझ्या पोटात दुखतं. मला नाही जमत ते."

इतकं गोड बाईंशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. त्यांनी ब्रँडीचा उरलेला घोट घेतला. मिर्सिनी माझ्यावर जळते. माझ्यावर. त्यांनी तो विचार दोनदा जिभेवर घोळवला.

"मघाशी तू काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "क्लासला माझं नाव देणार म्हणून?"

"ते... बाई, तुम्ही गेलात असं वाटून बोलले मी."

"सगळ्या गावासमोर बोललीस. पाद्रींसमोर. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द फिरवता येत नाही."

"पण तुम्ही जिवंत आहात, बाई."

"तो माझा प्रश्न आहे. उद्यापासून येते मी. पहिला वर्ग माझा. पोरांना टोप्या घालायच्या तर घालू देत, पण आधी जात सांगतील, मग टोपी. छडी आण इकडे."

मिर्सिनीनं छडी दिली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "येताय ना नक्की?"

"एका अटीवर. पाटीवर माझं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं पाहिजे."

"बाई, माझं नाव पाटीवर असणारच नाही. नुसतं तुमचंच."

बाई विचारात पडल्या. नुसतं त्यांचंच नाव, अख्ख्या काचेवर, भर चौकात. याहून माणसाला आणखी काय हवं? पण काहीतरी कमी पडत होतं, आणि ते काय ते त्यांना शेवटी सापडलं.

"नको," त्या म्हणाल्या. "मग माझं मोठं आहे, हे लोकांना कळणार कसं? घाल तुझंही. खाली. बारीक अक्षरात."